आखूड पाठीचा घोडा आणि त्याचे जीन

‘खोगीरभरती’ हा शब्द मराठीत आज निंदेसाठीच वापरला जातो. ग्रंथात अनावश्यक मजकूर घुसडला, सभेत निरुपयोगी माणसे आणून बसविली, की त्यास आपण खोगीरभरती म्हणतो. या शब्दाचा जन्म मात्र पागेत झाला. खोगिराच्या आत कापूस, लोकर, चिंध्या, जे हाताशी सापडेल ते कोंबले जाई आणि वरून चांगले चामडे किंवा कापड शिवून ते झाकले जाई. आत काय भरले आहे हे पाहणाऱ्याला दिसत नसे, वर बसणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नसे. ते एकट्या घोड्याच्या पाठीला कळे. ज्यांनी हा शब्द घडविला त्यांना घोडा चांगला ठाऊक होता, आणि वरून शोभिवंत दिसणारे खोगीर आतून किती घातक असू शकते हेही ठाऊक होते. तो अनुभव जुना झाला असला तरी निरुपयोगी झालेला नाही. घोड्याला नीट बसणारे जीन कसे निवडावे, विशेषतः ज्याची पाठ आखूड आहे अशा घोड्यासाठी ते निवडताना काय पाहावे, हा प्रश्न आज बंगळूरसारख्या शहरात अनेक स्वारांपुढे उभा राहतो.

बंगळूरचा आणि घोड्याचा संबंध आजचा नव्हे. १६३८ साली हे ठाणे आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत त्याचा समावेश झाला. त्या काळी तेथे मराठी पागा होत्या. घोड्यावर आयुष्य काढलेल्या या पुरुषाचा अंतही १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडूनच झाला. म्हैसूर संस्थानच्या भालाईत स्वारांनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूरच्या स्वारांबरोबर पॅलेस्टाइनमधील हैफा शहर घेतले. त्यांचे स्मारक बंगळूरच्या जयचामराजेंद्रनगर भागात आहे. लढाईतून घोडा निघून गेल्यावरही या शहराने त्याला सोडले नाही. सैन्याच्या रसद विभागाचे केंद्र येथे आहे आणि त्याच्या स्वारांनी क्रीडाक्षेत्रात नाव मिळविले आहे. १९९६ साली शहराच्या उत्तरेस स्थापन झालेल्या एम्बसी इंटरनॅशनल रायडिंग स्कूलने नागरी मुलामुलींनाही ही विद्या खुली केली. बंगळूरच्या फवाद मिर्झा यांनी २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत वैयक्तिक रौप्यपदक मिळविले, आणि २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते अंतिम क्रमवारीत तेविसावे आले. त्यांच्या क्रीडाप्रकारात तीन परीक्षा असतात आणि त्यांतली पहिली परीक्षा ड्रेसाजची असते.

ड्रेसाज हा मूळचा फ्रेंच शब्द असून जनावराला वळण लावणे, शिकविणे, असा त्याचा अर्थ आहे. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा आखाड्यात घोडा व स्वार ठरलेल्या हालचाली क्रमाने करून दाखवितात. सरळ चाल, दुडकी, वर्तुळे, तिरपी चाल, जागच्या जागी पावले उचलणे, अशा प्रत्येक हालचालीला परीक्षक दहापैकी गुण देतात. यात वेग नाही, उडी नाही, प्रतिस्पर्ध्याला मागे टाकणे नाही. घोडा आपल्या खुशीने, सहजपणे आणि स्वाराच्या अगदी सूक्ष्म सूचनेवर चालला पाहिजे, एवढीच अपेक्षा असते. १९१२ पासून ऑलिंपिकमध्ये असलेला हा प्रकार भारतात बराच काळ मोजक्या लोकांपुरता राहिला होता. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने त्यात सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी अनुष अगरवाला पॅरिस ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये उतरले, तेव्हा या विद्येकडे अनेकांचे लक्ष वळले. मुले शिकू लागली, पालक घोडे घेऊ लागले, आणि घोड्यामागोमाग जिनाचा प्रश्न आला.

इतर प्रकारांपेक्षा ड्रेसाजमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक असतो, याला कारण आहे. शर्यतीचा स्वार बव्हंशी रिकिबींवर उभा असतो. अडथळे ओलांडणारा स्वारही वरचेवर आसनातून उठतो. ड्रेसाजचा स्वार मात्र बराच वेळ आसनात खोल बसलेला असतो. दुडकी चालीतही तो उठत नाही, उलट प्रत्येक पावलाचा हेलकावा आपल्या कमरेत जिरवितो. म्हणजे घोड्याची पाठ या प्रकारात जवळजवळ विसावा न घेता भार वाहत असते. शिवाय या विद्येचे सारे मर्म पाठीतच आहे. मागच्या पायांतून निघालेला जोर पाठीवरून पुढे आला, पाठ किंचित वर उचलली गेली आणि रुंदावली, तरच घोडा हलका होतो. ज्या पाठीने वर यावे तिलाच जीन खाली दाबीत असेल, तर शिक्षक कितीही निष्णात असो आणि स्वाराची मांड कितीही पक्की असो, घोड्याला ते शिकणे शक्य होत नाही.

आता घोड्याची पाठ म्हणजे नेमके काय ते पाहिले पाहिजे. मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक उंचवटा असतो. तेथून पुठ्ठ्यापर्यंतचा भाग वरवर पाहता एकसंध दिसतो, पण आतली रचना दोन प्रकारची आहे. पुढच्या भागात साधारणपणे अठरा मणके असे असतात की त्या प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी फासळी जोडलेली असते. घुमटाला कमानींनी आधार द्यावा तसा या फासळ्यांचा आधार पाठीला मिळतो. त्यामागे कमरेचे सहा मणके येतात. त्यांना फासळ्या नसतात. दोन्ही बाजूंना आडवी पसरलेली हाडे आणि त्यांवरचे स्नायू, एवढाच तेथे आधार असतो. काही अरबी घोड्यांत फासळ्यांच्या सतरा जोड्या आणि कमरेचे पाचच मणके आढळतात. यावरून निघणारा नियम अगदी साधा आहे. स्वाराचा भार फासळ्यांच्या आधारावर पडला पाहिजे, कमरेवर पडता कामा नये. शेवटची फासळी ही जिनाची मागची सीमा होय.

पुढची सीमा खांद्याच्या फऱ्याची असते. घोडा पुढचा पाय लांब टाकतो तेव्हा फऱ्याचा वरचा कडा मागे सरकतो. जिनाचा पुढचा भाग त्याच्या वाटेत आला तर प्रत्येक पावलाला हाड सांगाड्यावर आदळते. म्हणून फऱ्याच्या मागे दोनतीन बोटे जागा मोकळी ठेवावी लागते. या दोन सीमांच्या मध्ये जी जागा उरते तीच जिनाच्या हक्काची जागा. लांब पाठीच्या घोड्यात ती ऐसपैस असते. आखूड पाठीच्या घोड्यात ती इतकी थोडी असते की बाजारात मिळणारे बेताच्या लांबीचे जीनही तिच्यात मावत नाही.

वस्तुतः आखूड पाठ हा घोड्याचा दोष नव्हे. आखूड पूल लांब पुलापेक्षा भार सहज पेलतो, त्याच न्यायाने अशी पाठ बळकट असते. असा घोडा चटकन वळतो आणि मागचे पाय पोटाखाली आणणे त्याला सोपे जाते. अरबी घोड्याची ख्याती काही अंशी या बांध्यामुळेच झाली. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांतही आखूड पाठीची जनावरे पुष्कळ आढळतात, आणि भीमेच्या काठच्या ज्या चपळ, काटक तट्टांवर मराठ्यांनी दूरदूरच्या मोहिमा केल्या ती तट्टेही फार लांबलचक नव्हती. तेव्हा अशा घोड्याला कमी लेखण्याचे कारण नाही. अडचण घोड्यात नसून बाहेरून आणलेल्या जिनात असते. ड्रेसाजची पुष्कळशी नामांकित जिने युरोपात तयार होतात आणि तिकडच्या थोराड, उंच, लांब पाठीच्या घोड्यांना समोर ठेवून ती बेतलेली असतात. बंगळूरच्या तबेल्यांत असे परदेशी घोडे आहेत, रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड आहेत आणि देशी जातींचेही घोडे आहेत. एकाचे जीन दुसऱ्यावर घालण्याची सवय जेथे असेल तेथे सर्वांत अधिक सोसतो तो आखूड पाठीचा घोडा.

उदाहरणादाखल असे समजा की, एका काठेवाडी घोडीची फऱ्यामागच्या मोकळ्या जागेपासून शेवटच्या फासळीपर्यंतची जागा ४२ सेंटिमीटर भरली. तिच्यासाठी आणलेल्या जिनाच्या खालच्या गाद्या ४७ सेंटिमीटर लांब आहेत. हे पाच सेंटिमीटर कोठे तरी जाणारच. ते मागे राहू दिले तर कमरेवर दाब येतो. तो टाळावा म्हणून बहुतेक स्वार जीन थोडे पुढे ओढून बसवितात, आणि अशा घोड्याच्या बाबतीत सर्वांत अधिक घडणारी चूक ती हीच. पुढे ओढलेले जीन फऱ्यावर चढते, त्याचा पुढचा भाग उचलला जातो आणि बसण्याची जागा मागे उतरती होते. त्यामुळे स्वार मागे घसरतो. ज्या कमरेला वाचवावयाचे होते तिच्याकडेच भार वळतो आणि वर फऱ्याची हालचालही अडते. एक दुखणे टाळण्याच्या प्रयत्नात घोड्याच्या वाट्याला दोन दुखणी येतात.

दुसरा प्रचारातला उपाय खाली जाड गादी घालण्याचा. घाशा, म्हणजे जिनाखाली अंथरावयाचे कापड, घाम टिपण्यासाठी आणि चामडे स्वच्छ ठेवण्यासाठी असते. जिनाचे माप चुकले असता ते दुरुस्त करण्याचे सामर्थ्य त्यात नाही. अरुंद जोड्यात जाड मोजे घालून पाय सुखावत नाही, अधिकच आवळला जातो, तसाच प्रकार येथे होतो. जीन अरुंद असेल तर गादीने ते आणखी अरुंद होते. लांब असेल तर कितीही गाद्या घातल्या तरी त्याची लांबी कमी होत नाही. मूळ अर्थाने आणि आजच्या अर्थानेही ही खोगीरभरतीच होय.

तिसरा उपाय ऐकण्यास पटतो, पण त्यातही धोका आहे. लांब जीन चालत नाही, तर मग गाद्या हव्या तितक्या आखूड कराव्यात, असे काहींना वाटते. येथे थोडे गणित मांडले पाहिजे. स्वाराचे वजन ७० किलो आणि जिनाचे ८ किलो धरले, तर एकंदर भार ७८ किलो झाला. गाद्यांचा पाठीला टेकणारा भाग १२०० चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सरासरी ६५ ग्रॅम भार पडतो. तोच भाग १००० चौरस सेंटिमीटरवर आणला, तर भार ७८ ग्रॅम होतो. म्हणजे जागा एक षष्ठांशाने घटली की दाब एक पंचमांशाने वाढतो. स्वार बसल्या जागी वरखाली होत असल्याने प्रत्यक्षातला दाब क्षणोक्षणी याहूनही वाढतो. यास्तव आखूड पाठीच्या घोड्यासाठी जी लांबी गमवावी लागते तिची भरपाई शक्य तितकी रुंदीत करावी लागते. गाद्या लांबीने कमी पण रुंद व सपाट असाव्यात आणि सगळीकडे सारख्या टेकाव्यात. मधोमध पाठीच्या कण्यासाठी जी पन्हळ सोडलेली असते ती मात्र पुढपासून मागपर्यंत तीनचार बोटे रुंद राहिलीच पाहिजे. रुंदी मिळविण्यासाठी ती बुजविणे म्हणजे थेट कण्यावर बसणे होय.

गाद्यांच्या मागच्या टोकाच्या घडणीतही फरक असतो. काही जिनांत ही टोके भरीव आणि खोल असून पाठीला शेवटपर्यंत टेकतात, तर काहींत ती होडीच्या टोकाप्रमाणे वर वळविलेली असतात. दुसऱ्या प्रकारात वरून दिसणारे चामडे शेवटच्या फासळीच्या थोडे मागे गेलेले दिसले, तरी त्याचा भार तेथे पडत नाही. म्हणून नुसते पाहून निर्णय देऊ नये. हात खाली घालून, गादी प्रत्यक्ष कोठपर्यंत टेकते हे चाचपून पाहावे. आखूड पाठीला बहुधा हा वर वळलेला प्रकार मानवतो.

आता स्वाराकडे वळू. जिनाचे माप दुकानात इंचांत सांगतात. पुढच्या उभाराच्या बाजूला असलेल्या खिळ्यापासून मागच्या उभाराच्या मध्यापर्यंत ते घेतलेले असते, आणि मोठ्या माणसांसाठी ते साधारणतः सोळा ते साडेअठरा इंचांच्या दरम्यान असते. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, हे माप स्वाराच्या बैठकीचे आहे, घोड्याच्या पाठीचे नव्हे. साडेसतरा इंची दोन जिनांच्या गाद्या लांबीला वेगवेगळ्या असू शकतात. आकडा पाहून जीन मागविणारा आपल्यापुरते माप घेतो आणि ज्याच्या पाठीवर ते चढावयाचे आहे त्याचे माप घेण्याचे विसरतो. ड्रेसाजच्या स्वाराला एक सोय अशी आहे की, त्याची रिकीब लांब असते आणि मांडी बरीच उभी राहते. त्यामुळे गुडघा पुढे येणाऱ्या उडीच्या जिनापेक्षा त्याला पुष्कळदा कमी लांबीच्या बैठकीत भागविता येते. बैठक फार लहान करण्यातही मात्र अर्थ नाही. ती स्वाराला अपुरी पडली तर तो मागच्या उभारावर चढून बसतो आणि गादीच्या मागच्या टोकावर सारा भार टाकतो.

यातून जो निष्कर्ष निघतो तो कडू आहे, पण टाळता येण्यासारखा नाही. घोड्याच्या पाठीत जितकी जागा आहे तिच्यात मावणारे जीन जर स्वाराला पुरत नसेल, आणि स्वाराला पुरणारे जीन जर घोड्याच्या पाठीत मावत नसेल, तर जीन बदलून उपयोग नाही. तेथे स्वार बदलला पाहिजे. उंच्यापुऱ्या, वजनदार माणसाने आखूड पाठीची लहानखुरी घोडी तिच्या देखणेपणावर भाळून घेऊ नये. घेतलीच असेल, तर तिच्यावर हलक्या अंगाच्या मुलाला बसू द्यावे. जिनाच्या कारागिराला पुष्कळ काही साधते, पण घोड्याला एक फासळी जास्त लावून देणे त्याला साधत नाही.

जीन तपासण्याची रीत अवघड नाही. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करावा. फासळ्यांच्या बाजूने बोटे मागे नेत शेवटची फासळी शोधावी, आणि ती जशी वळत वर जाते तसा तिचा माग घेत कण्यापर्यंत खडूने रेघ ओढावी. फऱ्याच्या मागच्या कडेलाही तशीच एक खूण करावी. मग घाशा न घालता जीन उंचवट्यावर किंचित पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवावे. ते आपोआप जेथे स्थिरावते तीच त्याची जागा, ती बळेच बदलू नये. उंचवट्यावर दोनतीन बोटे मोकळी जागा राहिली आहे का, बसण्याची सर्वांत खोल जागा मधोमध आहे का आणि गाद्या मधल्या भागात अधांतरी तर राहत नाहीत ना, हे पाहावे. पुढे दाबले असता जीन मागून उचलत असेल, तर ते पाठीवर झोपाळ्यासारखे डुलत आहे असे समजावे. आखूड पाठीचे अनेक घोडे अंगाने रुंद आणि उंचवट्याला बसके असतात, तेव्हा जीन बाजूला कलंडते का हेही पाहणे अगत्याचे ठरते. कलंडते म्हणून तंग करकचून आवळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तंगाचे पट्टे कोठून सुटतात आणि घोड्याच्या पोटाखाली तंगाची नैसर्गिक जागा कोठे येते, यांचा मेळ बसला पाहिजे. ती जागा फार पुढे असेल, तर तंग प्रत्येक पावलाला जीन पुढे ओढीत राहतो.

उभ्या घोड्यावर केलेली परीक्षा अर्धीच. स्वार बसल्यावर आणि अर्धा तास काम झाल्यावर पुन्हा पाहावे. जीन उतरल्यावर पाठीवरचा घाम सारखा आहे का, मध्येच कोरडा डाग आहे का, केस विस्कटले आहेत का, कमरेवर बोटे फिरविली असता कातडी थरथरते का, या खुणा बोलक्या असतात. पाठीवर मध्येच पांढऱ्या केसांचा ठिपका दिसला, तर तो पुष्कळदा जुन्या दाबाची जखम भरून आल्याची साक्ष असतो. दर सहा महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करणे इष्ट, कारण शिक्षणाने, खुराकाने आणि वयाने पाठीचा आकार बदलत असतो. आत लोकर भरलेल्या गाद्यांचा मोठा गुण असा की, जाणता कारागीर त्या उसवून लोकर कमीजास्त करू शकतो. सांगाडा मुळात योग्य असेल तेथे ही भरती खरोखर उपयोगी पडते. महाराष्ट्रात जीनगरांचा जो व्यवसाय होता त्याचे कौशल्य हेच होते. एकोणिसाव्या शतकात सैन्यासाठी सरकारी कारखाना निघाल्यापासून कानपूर हे या उद्योगाचे मोठे केंद्र बनले. तेथील जीनसामानाला आज भौगोलिक मानांकनही आहे आणि ते परदेशांत जाते. जो देश जगाला जिने पुरवितो त्या देशातल्या घोड्यांना त्यांच्या मापाची जिने मिळणे अशक्य असण्याचे कारण नाही. पाठीचा आकार वाकणाऱ्या पट्टीने कागदावर उतरवून, लांबीची खूण करून कारागिराच्या हाती देण्याची सवय मात्र लागली पाहिजे.

एवढी काटेकोर चौकशी कशासाठी, असे कोणी विचारील. सैन्याला हा प्रश्न कधीच क्षुल्लक वाटला नाही. मोहिमेत पाठ सोललेला घोडा म्हणजे एक स्वार कमी, हा हिशेब प्रत्येक सेनापतीला करावा लागे. ब्रिटिश सैन्यातील पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी १८९१ साली जीन आणि पाठीच्या जखमा या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. क्रीडांगणावर जखम इतकी उघडी पडत नाही, म्हणून तेथे ती अधिक काळ सोसावी लागते. घोडा तंग आवळताना कान मागे पाडतो, शेपूट झटकतो, तोंड उघडतो, वळण्यास नाकारतो, आणि त्याला हट्टी, आळशी, खोडकर अशी विशेषणे मिळतात. इंग्लंडमधील पशुवैद्य सू डायसन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये अशा चोवीस वर्तनांची यादी सिद्ध केली. स्वारीच्या वेळी त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसली, तर घोड्याला अस्थिस्नायूंची वेदना असण्याचा बराच संभव असतो, असे त्यांना आढळून आले. म्हणजे ज्याला आपण खोडी समजतो ती पुष्कळदा तक्रार असते. त्या तक्रारीला चाबकाने उत्तर देण्यापूर्वी तंग सोडून, जीन उतरवून पाठीवर हात फिरवून पाहणे हे स्वाराचे पहिले कर्तव्य ठरते.

ही गोष्ट केवळ बंगळूरच्या शाळांपुरती किंवा ड्रेसाजच्या आखाड्यापुरती नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकत घेताना त्याचे दात पाहतात, रंग पाहतात, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ याची कसून चौकशी करतात. शेवटची फासळी चाचपून पाहणारा मात्र विरळा. माथेरानच्या तांबड्या वाटांवर दर तासाला नवा प्रवासी पाठीवर घेणाऱ्या घोड्यालाही हाच नियम लागू आहे. ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ असे आपल्याकडे म्हणतात. घोड्याच्या बाबतीत हा भेद राहत नाही. ज्याची पाठ गेली त्याचे कामही गेले, आणि ज्याचे काम गेले त्याचा चाराही पुढेमागे सुटतो.

आखूड पाठीच्या घोड्याला जीन शोधणे म्हणजे शेवटी घोड्याच्या बाजूने मापे घेण्यास शिकणे. स्वाराची उंची, त्याची आवड, दुकानातला आकडा, चामड्याची चकाकी, या साऱ्या गोष्टी नंतर येतात. आधी ती खडूची रेघ येते. तिच्या पुढे जीन न्यावयाचे नाही, एवढा एक निर्बंध ज्याने मनापासून पाळला, त्याच्या घोड्याची पाठ हळूहळू वर येते, चाल मोकळी होते, आणि पूर्वी ज्या सूचनेसाठी टाच मारावी लागे ती नुसत्या श्वासावर समजू लागते. खोगिरात काय भरले आहे हे घोड्याला नेहमीच कळत आले आहे. ते स्वारालाही कळू लागणे, येथून खऱ्या अश्वारोहणाला आरंभ होतो.